मुरंगींचा भाला

सोलापूर, १० मार्च १९७४

अण्णा,

तुझा भाला पोचला. तुझ्या शाळेतले ते कोल्हापूरचे मास्तर सुट्टीवर आलेत, तेच टांगा करून घरी देऊन गेले. गोणपाटात गुंडाळलेला होता. शेजारणीला वाटलं, मागाचा दांडा आलाय.

सोबतचं पत्र मी आप्पाला वाचून दाखवलं. आधी लग्नाचं वाचलं. मुलीचं नाव योहाना, ती हेरेरो जमातीची आहे, ती माणसंही आपल्यासारखीच जनावरांवर जगतात, असं तू जे जे लिहिलंस ते सगळं वाचलं. त्यानं मान वर केली नाही. मग भाल्याचं वाचलं. तुझे सासरे, मुरंगी, तान्हे असताना जर्मनांनी त्यांच्या लोकांवर बंदुका चालवल्या, गुरं गेली, आणि उरलेली माणसं वाळवंट ओलांडून तुझ्या त्या बोट्स्वानात आली. वाटेत मुरंगींच्या वडिलांनी ह्याच भाल्यानं शिकार करून घरची माणसं जगवली. इथं आप्पानं पहिल्यांदा माझ्याकडं पाहिलं. पुढं तू मुरंगींचा निरोप लिहिला होतास : ‘गुरांच्या धन्याकडून मेंढरांच्या धन्याला.’

अण्णा, तू त्यांना काही सांगितलंच नाहीस ना? दुष्काळात आपला सगळा कळप गेला हे मी तुला त्याच वर्षी कळवलं होतं. आई गेल्याचं कळवलं, त्याच पत्रात. घेरडीचा माळ सोडून आप्पा माझ्या ह्या खोलीत आला, खडी फोडायला जाऊ लागला, हे तुला माहीत होतं.

त्यानं ती ओळ मला परत वाचायला लावली. मग म्हणाला, “त्येला वाटलं आसंल, म्या मोटा धनी हाय.” एवढंच.

भाला कोपऱ्यात उभा केलाय. पुरा लोखंडी आहे, मधे मुठीच्या जागी बैलाच्या शेपटीचे केस. आप्पानं हात लावलेला नाही. जेवायला त्याच्याकडं पाठ करून बसतो.

शाळेतली माझी नोकरी बरी चाललीय. माढ्याचं स्थळ पुढं गेलं नाही. तुझ्या लग्नाचं त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मायाक्का


सोलापूर, १७ नोव्हेंबर १९७४

अण्णा,

एक चांगलं, एक तुला आवडणार नाही असं.

आप्पाला एका कॉलेजात वॉचमनची नोकरी मिळाली. आमच्या हेडबाईंच्या ओळखीचे स्वामी सर आहेत, विरुपाक्ष स्वामी, इतिहास शिकवतात. त्यांनी शब्द टाकला. आप्पाला खाकी कोट दिलाय. धोतरावर कोट आणि डोक्याला लाल पटका, असा फाटकाशी उभा असतो. मेंढरं वळवणारा माणूस आता पोरं वळवतो.

आता दुसरं. स्वामी सरांनी कॉलेजच्या एका खोलीत वस्तुसंग्रहालय मांडलंय. जुनी नाणी, वीरगळ, ताम्रपट, दोन तलवारी. आप्पाची पाळी बरेचदा त्या खोलीपुढंच असते. एक दिवस शाळेतून आले तर कोपरा रिकामा. आप्पानं भाला नेऊन सरांना देऊन टाकला होता, कागदावर अंगठाही उठवला होता.

मी भांडले. म्हटलं, अण्णाला काय लिहू? तो शांतपणे म्हणाला, “चांगल्या जागी ठिवलाय म्हनून लिव. आपल्यात राकायला काय ऱ्हायलंय?”

मी बघायला गेले. काचेच्या कपाटात आडवा ठेवलाय. खाली चिठ्ठी होती, ‘आफ्रिकेतील रानटी लोकांचे हत्यार’. मी सरांना तुझं पत्र दाखवलं. ते ओशाळले, आणि माझ्यासमोरच नवी चिठ्ठी लिहिली, ‘हेरेरो जमातीचा शिकारीचा भाला’. वर आप्पाचं नावही घातलं. माणूस चांगला आहे.

राग म्हणून आप्पानं दिलेला नाही, एवढं तू समजून घे. भाला समोर असला की त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता, हे मी पाहिलंय.

मुरंगी दर भेटीला तुला विचारतात, ‘तुझ्या बापाचं काय उत्तर आलं?’ असं तू लिहिलंस. उत्तर अजून नाही रे. मी विचारते, तो उठून बाहेर जातो.

मायाक्का


सोलापूर, ३ ऑगस्ट १९७५

अण्णा,

तुला मुलगी झाल्याचं कळलं. आपल्या आईचं नाव ठेवलंस, केरा, वाचून मला रडू आलं. आप्पाला सांगितलं तर म्हणाला, “रंग कुनावर हाय?” मी म्हटलं, तिच्या आईवर. त्यानं डोक्याचा पटका सोडून मांडीवर घेतला. मग म्हणाला, “केरी बी काळीच व्हती की.” आईला तो केरी म्हणायचा हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

म्हणून मला वाटलं, आता फोटोचं जमेल. मुरंगींना आप्पाचा हातात भाला घेतलेला फोटो हवाय, एवढं मिळालं की माझी मुलगी तिकडं पोचली असं मी समजेन, असं ते म्हणतात हे तू लिहिलंस, ते मी आप्पाला तीनतीनदा ऐकवलं. शेवटी तयार झाला. स्वामी सर सुट्टीच्या दिवशी मुद्दाम आले, कपाट उघडलं. फोटोग्राफर आला. आप्पानं भाला हातात घेतला. अण्णा, कोटात असूनसुद्धा क्षणभर तो घेरडीचा आप्पा दिसला.

फोटोग्राफर काळ्या कापडाखाली शिरला आणि आप्पानं भाला खाली ठेवला. म्हणाला, “ऱ्हाऊ द्या. त्येला धन्याचा फोटू पायजे. म्या वाचमन हाय.”

सरांनी समजावलं, मी समजावलं. नाही म्हणजे नाही. फोटोग्राफर पैसे न घेता गेला. सरांनी कपाटाला कुलूप लावून किल्ली आप्पाजवळच दिली, रोजच्यासारखी.

तू मुरंगींना खरं सांगून टाक. मेंढरं मेली, माणूस खडी फोडून आता फाटक सांभाळतो. ज्यांची गुरं वाळवंटात गेली ते हसणार नाहीत. हे मी आप्पालाही म्हटलं. तो म्हणाला, “त्येंनी परत कळप उभा केला. म्या काय केलं?”

इकडं सगळं शिस्तीत चाललंय. गाड्या वेळेवर येतात. ह्याहून जास्त लिहीत नाही, पत्रं उघडून बघतात म्हणे.

मायाक्का


सोलापूर, २३ नोव्हेंबर १९७५

अण्णा,

तुझं पत्र फार उशिरा मिळालं. मुरंगी गेले ते उत्तराची वाट बघतच गेले, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी आप्पाला वाचून दाखवलं नाही.

योहानाच्या चुलत्यांना भाला परत हवाय हे समजलं. त्यांचंही खरं आहे. वडिलांचा भाला एकट्या मुरंगींचा नव्हता, भावांना न विचारता परदेशी पाठवला, आणि आता मुरंगींच्या मागं तो घरात हवा. त्यात योहानाला बोल लागतोय, तुलाही. तू लिहिलंस की ते रागावलेत. किती रागावलेत ते लिहिलं नाहीस.

मी दुसऱ्याच दिवशी सरांकडं गेले. ते म्हणाले, माझ्या हातात असतं तर आत्ता काढून दिला असता. त्यांनी संस्थेपुढं अर्ज ठेवला. प्राचार्यांनी मलाही बोलावलं, बसायला सांगितलं नाही. एकदा दिलेली वस्तू संस्थेची होते, असं एकाला परत दिलं तर उद्या वीरगळसुद्धा गावकरी मागतील, असं म्हणाले. मी म्हटलं, साहेब, तिकडं माणूस वारलाय, त्याच्या घरच्यांचा आहे तो. ते म्हणाले, बाई, तुम्ही शिक्षिका आहात, कायदा तुम्हाला कळायला पाहिजे.

मग मी आप्पाला सांगितलं. कोट काढून खुंटीला लावत होता. म्हणाला, “याही वारला व्हय?”

व्याही म्हणाला, अण्णा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

मला त्यानं विचारलं, कशानं गेले, कुठं पुरलं, रडायला कोण कोण होतं. मला काहीच माहीत नव्हतं. तू पुढच्या पत्रात लिही, तो रोज विचारतो. जेवण कमी झालंय. भाला देणार नाहीत हे ऐकल्यावर फक्त म्हणाला, “माजाच अंगटा हाय.”

मायाक्का


सोलापूर, ११ जानेवारी १९७६

अण्णा,

हे मला तुला कळवायचं नव्हतं. पण कोल्हापूरच्या मास्तरांकडून कळेल, ते पुन्हा सुट्टीवर आलेत, त्यांनी वर्तमानपत्रात वाचलंय.

डिसेंबरमध्ये एका शनिवारी भर दुपारी आप्पानं कपाट उघडलं, भाला घेतला, कपाटाला परत कुलूप लावलं आणि फाटकातून चालत बाहेर पडला. कुणी अडवलं नाही. अडवणारा तोच होता.

भाला खांद्यावर टाकून तो बाजारातून मोठ्या पोस्टात गेला. पार्सलच्या खिडकीशी रांगेत उभा राहिला. खिडकीवरचे कारकून मला नंतर भेटले, तेलुगू आहेत, भले गृहस्थ. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

त्यांनी विचारलं, “आजोबा, हे काय?”

“भाला. आफ्रिकेला धाडायचाय.”

“कुणाला?”

“माजा याही वारलाय. त्येच्या घरला.” तुझ्या पत्राचं जुनं पाकीट त्यानं कोटाच्या खिशातून काढून पुढं केलं.

कारकुनांनी सांगितलं, एवढी लांब वस्तू जात नाही, आणि हत्यार तर जातच नाही. आप्पा म्हणाला, “ह्ये हत्यार न्हाय, त्येंच्या बाचं हाय. कसं जातंय तेवढं सांगा.” त्यांनी मागच्या माणसाचं पार्सल घेतलं. तो रांगेतून बाजूला झाला आणि भिंतीशी भाला धरून उभा राहिला. कुणीतरी मोठा साहेब येईल आणि सांगेल असं त्याला वाटलं असावं. लोक जमले. कुणीतरी चौकातल्या पोलिसाला बोलावलं.

शहरात हत्यारबंदीचा हुकूम आहे. चोरीचं कलम वेगळं. स्वामी सरांना ठाण्यात आणलं, प्राचार्यही होते. फौजदारानं सरांना विचारलं, तुम्ही ह्याला परवानगी दिली होती का? सरांनी प्राचार्यांकडं पाहिलं आणि ‘नाही’ म्हणाले. खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. परवानगी कुणी दिलीच नव्हती. पण ‘हो’ म्हणाले असते तर आप्पा त्याच संध्याकाळी घरी आला असता.

आता जामीन झालाय, घरी आहे. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पडलो म्हणतो. मी जास्त विचारलं नाही.

तू येऊ नकोस. इथं येऊन तुझ्या हाती काही लागणार नाही, आणि परत जाऊ देतील की नाही सांगता येत नाही.

मायाक्का


सोलापूर, १९ सप्टेंबर १९७६

अण्णा,

योहानाला आणि केराला चुलते घेऊन गेले हे वाचलं. भाला येईपर्यंत, असं ते म्हणाले म्हणतोस. मी दोन दिवस आप्पाला सांगितलं नाही. मग त्यानंच विचारलं, पत्र आलंय आणि तू वाचत का न्हाईस.

मी स्वामी सरांकडं पुन्हा गेले. जाणार नाही असं ठरवलं होतं, पण इंग्रजीत पत्र लिहून देणारं दुसरं कोण आहे? त्यांनी चुलत्यांना चार पानी पत्र लिहून दिलं. भाला का येत नाही, म्हाताऱ्यानं तो पाठवायला काय केलं, त्याचं काय झालं, सगळं. पण खाली सही केली नाही. म्हणाले, मायाबाई, मला दोन मुली आहेत. मी माझी सही केली. ते ह्यासोबत आहे, तू नेऊन दे. उपयोग होईल असं मला वाटत नाही, तरी दे.

भाला पोलिसांकडं मुद्देमाल म्हणून पडलाय. खटला संपेपर्यंत तिथंच राहणार. तारखेवर तारीख पडते. आप्पा प्रत्येक तारखेला धुतलेला पटका बांधून जातो, बाकड्यावर बसून राहतो. वकिलांनी त्याला पढवलं होतं, भाला पुसायला बाहेर काढला होता असं सांगा. मागच्या तारखेला मॅजिस्ट्रेटनी विचारलं, भाला कुणाचा? आप्पा म्हणाला, “माज्या याह्याचा.”

“म्हणजे कॉलेजचा नाही?”

“कालेजात ठिवला व्हता. त्येंचा कसा आसंल?”

“मग तुम्ही तो चोरला नाही?”

“पोचवाय निगालो व्हतो.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. मला मात्र त्या दिवशी आप्पाचा अभिमान वाटला. त्याचा उपयोग काहीच नाही, पण तुला सांगावंसं वाटलं.

नोकरी गेलीच. माझी बदली झाली, शाळा लांब आहे, चालत जाते. गोजाबाई आत्या येऊन राहिलीय, आप्पाकडं बघते. माझ्या लग्नाचंही तिनंच मनावर घेतलंय. जो तो आधी भावाचं विचारतो, मग बापाचं.

मायाक्का


नातेपुते, १४ एप्रिल १९७८

अण्णा,

वर्षभर पत्र नाही म्हणून तू रागावला असशील. तुझी तीन पत्रं जुन्या खोलीवर पडून होती, शेजारणीनं सांभाळून ठेवली. उरलेलं सामान आणायला गेले तेव्हा तीनही मिळाली.

आप्पा गेल्या श्रावणात गेला, ते तुला कोल्हापूरच्या मास्तरांकडून कळलंच. ताप आला, उतरलाच नाही. खटला तोवर चालूच होता. आरोपी मयत म्हणून बंद झाला. ज्या तारखेला तसं पुकारलं त्या तारखेला मी गेले होते.

तू विचारलंस, त्यानं शेवटी तुझं नाव घेतलं का. नाही घेतलं, अण्णा. मी घेतलं म्हणून लिहिलं असतं तर तुला बरं वाटलं असतं, पण मग बाकीचंही तुला खरं वाटलं नसतं. एकदा त्यानं विचारलं, “केरा चालती का आता?” तिची काही खबर तुलाच नव्हती, मला कुठून असणार. मी ‘व्हय’ म्हटलं. तो म्हणाला, “उनात सोडू नगा म्हनावं.”

भाल्याचं सांगते. कोर्टानं तो कॉलेजला परत द्या असा हुकूम केला. मी आधी पोलिसांकडं गेले. ते म्हणाले, पोचता केला, सही आहे. कॉलेजात गेले. स्वामी सर राजीनामा देऊन बेळगावकडं गेलेत. संग्रहालयाची खोली आता टायपिंगच्या वर्गाला दिलीय, कपाटं अडगळीत रचलीत. नवे प्राचार्य म्हणाले, असा काही भाला आमच्याकडं आलेला नाही, आणि मी येण्यापूर्वीचं मला विचारू नका. शिपायानं मला अडगळीची खोली उघडून दिली. मी स्वतः सगळं हलवून पाहिलं. वीरगळ होते, तलवारी नव्हत्या, भालाही नव्हता. कुणी उचलला, भंगारात गेला, की पोलिसांच्याच खोलीत गंजतोय, कुणालाच सांगता येत नाही. मी आणखी चारपाच जणांना विचारलं, मग विचारणं सोडलं. योहानाच्या चुलत्यांना तू काय सांगायचं ते सांग. सरांचं पत्र त्यांनी न वाचताच परत केलं असं तू लिहिलंस, म्हणजे आता सांगण्यासारखं तरी काय उरलंय.

मे महिन्यात नोकरी सोडून कायमचा येतो, आपण दोघं सोलापुरात राहू, असं तू शेवटच्या पत्रात लिहिलंस. म्हणूनच हे लिहितेय.

माझं लग्न झालं. फाल्गुनात झालं. इथं नातेपुत्याला ह्यांचं घोंगड्यांचं दुकान आहे. ह्यांची पहिली बायको बाळंतपणात गेली, दोन लहान मुली आहेत, माझ्यामागं फिरतात. हे मितभाषी आहेत, हात उगारत नाहीत. शाळा सोडावी लागली. माणसं वाईट नाहीत.

गोजाबाई आत्यानं हे जुळवलं. तिनं ह्यांच्या घरी काय सांगितलं ते मला साखरपुड्याच्या दिवशी कळलं. मुलीला एक भाऊ होता, परदेशात आजारानं वारला, आणि त्याच दुःखात बापाच्या डोक्यावर परिणाम झाला, म्हणून तो भाला घेऊन रस्त्यानं फिरला. माझ्या सासूबाईंनी मला जवळ घेतलं, तुझ्यासाठी डोळे पुसले. मी तेव्हा बोलायला हवं होतं की नको, ह्याचा आता विचार करत नाही. आत्या दारात उभी होती, माझ्याकडं बघत होती. मी मान खाली घातली.

तेव्हा तू इथं येऊ शकत नाहीस. पत्रही पाठवू नकोस. पोस्टमन आलेलं सगळं मामंजींच्या हातात देतो, आणि परदेशी तिकीट लपत नाही. सोलापूरची खोली सोडलीय, तिथं दुसरं बिऱ्हाड आलंय. जुन्या पत्त्यावर लिहिलंस तर शेजारीण बिचारी इकडं पाठवून देईल, तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

तिथंच राहा. शाळेत मुलं आहेत, तुला शिकवायला आवडतं. केराच्या गावाला जाता येत असेल तर जात जा, दारातून हाकललं तरी जात जा. मला विचारशील तर तेवढंच एक करण्यासारखं उरलंय.

परवा सासूबाई म्हणाल्या, तुझ्या भावाचं नाव सांग, पितरपाटात त्याच्या नावानं पान वाढू. मी तुझंच सांगितलं, जोतीराम. दुसरं नाव सुचलं नाही.

आज बाजाराचा दिवस आहे. हे पत्र मी स्वतः पेटीत टाकतेय. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं नाही.

मायाक्का